मत देऊन जा

आमच्या घरमालकांकडे चहा कुणालाही मिळायचा, पण तो पिऊन झाला म्हणून लगेच उठता यायचं नाही. कप खाली ठेवला की काका तळहात पुढे करायचे आणि म्हणायचे, "मत?"

"छान झालाय," असं म्हटलं तरी हात तसाच पुढे.

"छान हे मत नव्हे गो. ती जांभई आहे. आलं जास्त झालं का? साखर उशिरा पडली का? दूध सकाळचं वाटतं की कालचं? काहीतरी बोल. जीभ काय नुसती गिळायला दिलीय?"

मी तेव्हा तासगावहून रत्नागिरीला नवीन आले होते. शेतकी खात्यात टंकलेखक म्हणून नोकरी लागली होती आणि परटवण्याला काकांच्या घराची पुढची खोली भाड्याने मिळाली होती. आमच्याकडे कुणी मत विचारत नसे. विचारलंच तर ते मोठ्या माणसांना. त्यामुळे पहिल्या आठवड्यात मी चहाच टाळला. मग एकदा धीर करून म्हटलं, "काका, चहा चांगला हाय, पण आमच्याकडं याला पाणीच म्हणतील की वो."

काका इतके खूश झाले, की त्यांनी मागे वळून घरात हाक दिली, "ऐकलंत का? घाटावरून अस्सल मत आलेलं आहे!"

घरातून उत्तर आलं नाही. काकू क्वचितच उत्तर द्यायच्या.

काका नुकतेच एसटीतून निवृत्त झाले होते. वाहतूक नियंत्रक म्हणून रत्नागिरीच्या स्टँडवर त्यांची हयात गेली. काचेच्या खोलीत बसून माईकवरून गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. आवाज खर्जातला, भरदार, आणि गावांची नावं अशी घ्यायचे की त्या गावी आपलं कुणीतरी वाट बघतंय असं वाटावं. चेहरा कुणाला माहीत नव्हता, आवाज सगळ्या जिल्ह्याला. एकदा मासळीबाजारात मी त्यांच्याबरोबर होते. त्यांनी बांगड्यांचा भाव विचारला, तर पलीकडची एक अनोळखी म्हातारी गर्रकन वळली. "अगो बाय! तुम्ही ते पूर्णगडवाले! पावसमार्गे पूर्णगड!" काकांनी तिला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "ऐकू नीट यायचं ना? मत काय तुमचं?"

घरातही तो माईक सुटला नव्हता. "न्हाणीघरात गरम पाणी लागलेलं आहे, संबंधितांनी तात्काळ लाभ घ्यावा," अशी घोषणा रोज सकाळी माझ्या भिंतीपलीकडून व्हायची. जेवायला आंबोळ्या असतील तर तसं. वीज गेली तर, "तांत्रिक कारणामुळे अंधार झालेला आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

मत मात्र ते अगदी मनापासून मागायचे. कुणाच्या लग्नाहून आलं की मांडवाबद्दल, कीर्तनाहून आलं की बुवांबद्दल. पोस्टमनला नव्या सायकलबद्दल. आणि समोरचा बोलू लागला की डोळे बारीक करून असे ऐकायचे, की बोलणाऱ्याला आपण काहीतरी मोलाचं सांगतोय असं वाटू लागे. माझं बोलणं आयुष्यात त्याआधी असं कुणी ऐकलं नव्हतं. नंतरही फारसं नाही.

हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. हा माणूस सगळ्या जगाला मत विचारतो, काकूंना कधीच विचारत नाही. काकूंनी केलेल्या घावनांबद्दल मला विचारायचे, शेजाऱ्यांना विचारायचे. काकूंना नाही. आणि काकूही कधी कशाबद्दल बरंवाईट बोलायच्या नाहीत. साडी घ्यायला गेल्या तरी दुकानदार विचारी, "ही कशी वाटते?" तर काकू म्हणायच्या, "द्या कुठलीही."

भांडण होतं म्हणावं तर तेही नाही. काकांना खोकला आला की न सांगता काढा यायचा. काकू माळ्यावर काही शोधायला चढल्या की काका खाली शिडी धरून उभे असायचे.

त्या घरात सिनेमा आला तो एका दिवाळीच्या सुट्टीत. काकांचा मुलगा ठाण्याला असतो. तो बायकामुलांना घेऊन आला आणि येताना सीडी लावायचं यंत्र आणि पोरांसाठी एक इंग्रजी कार्टूनचा सिनेमा घेऊन आला. नातवंडांनी तो बघितला आणि जाताना विसरून गेली. काका मात्र विसरले नाहीत. त्यांनी तो रोज लावायला सुरुवात केली.

गोष्ट साधीच होती. एका नदीवर तरंगतं नाटकघर असतं, मोठी होडीच. तिचा मालक मगर. होडी गावोगाव फिरते आणि काठावरचे प्राणी येऊन म्हणतात, आम्हालाही गायचंय, नाचायचंय, आम्हाला घ्या. एक हत्तीण येते, तिला नाचायची हौस. पण ती फळीवर पाय ठेवते आणि होडी कलंडते. एक माकड येतं, ते ढोल वाजवतं. बेडकांची टोळी येते. आणि एक कावळा येतो, त्याला गायक व्हायचं असतं. सगळे आधी हाकलले जातात आणि शेवटी सगळे रंगमंचावर जातात. सिनेमा इंग्रजीत. काकांचं इंग्रजी गाड्यांच्या पाट्यांपुरतं. त्यामुळे संवाद त्यांनी स्वतःच ठरवून टाकले होते.

"काका," मी एकदा म्हटलं, "मगर तसं म्हणत नाही. ती म्हणतेय की उद्या या."

"मग ते लिहिणाऱ्याचं चुकलं," काका म्हणाले. "मगर असं गुळमुळीत बोलेल का? हो किंवा नाही. मधलं नाही."

मग आळीतल्या प्रत्येकाला तो सिनेमा बघावा लागला. येईल त्याला खुर्ची, चहा, सिनेमा, आणि शेवटी दारात उभे राहून काका: "मत देऊन जा."

शेजारी एक बागायतदार राहायचे. त्यांची भाट्ये गावाच्या वरच्या अंगाला हापूसची कलमं होती. त्यांनी सिनेमा हाताची घडी घालून पाहिला. "माझं मत ऐकायचंय? तो वांदर ढोल वाजवतोय आणि मी टाळ्या वाजवू? गेल्या वर्षी ह्या जातीने माझा अर्धा मोहोर ओरबाडला. ह्यांना गाणीबजावणी शिकवा, म्हणजे हे साले वाजतगाजत येतील."

"पण वाजवतो कसा?"

बागायतदार जरा घुटमळले. ते भजनात मृदंगावर बसायचे. "हात बरा आहे मेल्याचा," म्हणाले. "पण डावा कच्चा आहे."

मासळीवाली मावशी पाटी उतरवून पायरीवर टेकली आणि दारातूनच तिने अर्धा सिनेमा पाहिला. तिचा राग कावळ्यावर. "ह्यो एवढा गुणाचा हाय तर माझ्या पाटीवर झडप घालताना का नाय गात? चोर मेला. पर त्याला हाकलून लावला तवा जरा वाईट वाटला."

"का वाईट वाटलं?" काकांनी लगेच विचारलं.

"त्याने मागं वळून बघितला ना एकदा," ती म्हणाली आणि पाटी उचलून गेली. काका कितीतरी वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिले.

माझं स्वतःचं आवडतं मत पलीकडच्या घरातल्या एका लहान मुलीचं. ती म्हणाली, "हत्तीण रडली ना, तेव्हा तिला सोंड कुठे ठेवायची ते कळत नव्हतं." काकांनी ते मत आठवडाभर सगळ्यांना सांगितलं.

कावळ्याचा प्रसंग आला की मात्र काका गप्प व्हायचे. कावळा एकटा मगरीसमोर उभा राहून गातो, ती परीक्षा. तिथे ते संवादही म्हणायचे नाहीत. नुसते पुढे सरकून बसायचे.

माघातल्या गणपतीच्या उत्सवात आमच्या आळीत दरवर्षी काहीतरी कार्यक्रम होई. त्या वर्षी काकांनी जाहीर केलं, की आपण हा सिनेमा दाखवायचा, मराठीतून. म्हणजे टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि बाजूला बसून आपण सगळ्यांचे आवाज द्यायचे, गाणीसुद्धा आपली. मंडळवाले हसले. काकांनी त्यांना मगर, माकड आणि बेडूक एकापाठोपाठ म्हणून दाखवले तेव्हा हसायचे थांबले.

हत्तिणीसाठी त्यांनी मला धरलं. मी म्हटलं, "काका, मला नाटकबिटक जमत नाही. माझी बोली ऐकून ऑफिसात हसतात."

"म्हणूनच तू. हत्तीण बाहेरगावची आहे. ती परक्या गावात आलीय, तिच्या अंगाचं सगळ्यांना हसू येतं, बोलण्याचं हसू येतं. तुला काही वेगळं करायचंच नाहीये. जशी ऑफिसात जातेस तशी होडीवर चढ."

मला ते लागलं, आणि बरंही वाटलं. आल्यापासून मी ऑफिसात तोंड उघडायचं टाळत होते, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

तालमी संध्याकाळी काकांच्या पडवीत व्हायच्या. बागायतदार मृदंग घेऊन यायचे. "माझ्या कलमांचं वाटोळं करणाऱ्यांना मीच ताल देतोय," असं रोज म्हणायचे आणि रोज वेळेच्या आधी यायचे. कावळ्याचं गाणं काकांनी स्वतः रचलं होतं:

दारी आलो तुमच्या मालक, एक कडवं ऐका हो
आवडलं तर आत घ्या, नाहीतर हाकला हो

आणि दुसरं कडवं:

कोकिळा गायली की सारं रान थांबतं हो
माझं गाणं ओठांपाशी येऊन येऊन थांबतं हो

पण तालमीत ते गाणं ते नुसतं बोलून दाखवायचे, गाडी पुकारल्यासारखं. चाल आहे का, विचारलं तर म्हणायचे, "आहे." म्हणून दाखवा म्हटलं तर, "प्रयोगात म्हणेन." बागायतदार वैतागायचे. "अहो, मला सम कळायला नको?" काका पुन्हा बोलूनच दाखवायचे, हाताने मांडीवर ताल धरून.

काकू आत असायच्या. पडवीत कधी आल्या नाहीत.

एका रविवारी दुपारी काका मंडळाच्या कामाला बाहेर गेले होते. काकू मागच्या अंगणात वाळलेल्या सुपाऱ्या सोलत बसल्या होत्या. मीही जाऊन बसले. बोलता बोलता मी विचारलं, "काकू, तुम्ही सिनेमा एवढ्या वेळा ऐकला आतून. तुमचं मत काय?"

"मी मत देत नाही गो," काकू म्हणाल्या.

सुपारीची सालं पडत राहिली. जरा वेळाने त्याच बोलू लागल्या. आवाज अगदी साधा, जणू शेजारणीबद्दल सांगतायत.

"लग्नाला वर्ष व्हायचं होतं. तेव्हा हे गायचे. चांगले गायचे. रेडिओवर आवाजाची परीक्षा असते ना, तिचं बोलावणं आलं. तुझ्या सांगलीकडेच जायचं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी पडवीत बसून मला सगळं गाऊन दाखवलं. मग म्हणाले, कसं झालं, खरं सांग. माझे वडील भजनी. मला सूर कळतो. मी सांगितलं, दुसऱ्या कडव्याला सूर उतरतो."

"मग?"

"मग काही नाही. उठले, विहिरीवर जाऊन पाय धुतले, जेवले. सकाळी गाडीची वेळ झाली तरी कपडे करीनात. मी म्हटलं, अहो, जायचंय ना? तर म्हणाले, आज विहिरीचा रहाट दुरुस्त करायला हवा. आणि दिवसभर रहाट दुरुस्त करत बसले."

पलीकडच्या आवारात कुणीतरी नारळ पाडत होतं. धप्प असा आवाज आला, काकूंनी तिकडे बघितलं आणि परत सुपारी घेतली.

"त्यानंतर आवाज काढलेला नाही. आरतीत बघ कधी. झांजा वाजवतात, ओठ हलवतात, आवाज नाही. मला एका शब्दाने बोलले नाहीत हो. माझ्यावर राग नाही धरला. पण जगाला विचारत सुटले, हे कसं झालं, ते कसं झालं. मला सोडून. मग मीही ठरवलं, आपण कशावर बोलायचंच नाही."

"पण काकू, तुम्ही खरं तेच सांगितलंत की."

"खरंच सांगितलं," काकू म्हणाल्या. "पण पुरतं सांगायचं राहिलं."

पुढे काय सांगायचं होतं ते मी विचारलं नाही. त्यांनी सोललेल्या सुपाऱ्या सुपात भरल्या आणि त्या आत गेल्या.

उत्सवाच्या दिवशी देवळासमोरच्या मांडवात टेबलावर टेबल चढवून टीव्ही ठेवला होता. पुढे पोरं सतरंज्यांवर, मागे बाकांवर पुरुष, एका बाजूला बायका. काकू बायकांत बसल्या होत्या, कडेला. टीव्हीशेजारी आम्ही तिघं: काका माईक घेऊन, बागायतदार मृदंग घेऊन, आणि मी घाम पुसत.

माझी हत्तीण आली. मी तोंड उघडलं: "घ्या की वो मालक मला! म्या लई हळू पाय टाकते, तुमच्या होडीला कळायचंबी नाही!" आणि पडद्यावर होडी कलंडली. पोरं हसून एकमेकांवर पडली. पण ते हसू मला बोचलं नाही. मी दुसरं वाक्य आणखी जोरात टाकलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातले दोघं-तिघं "काय म्हणते हत्तीण" म्हणाले, आणि मी त्यांना त्याच बोलीत उत्तर दिलं. त्यानंतर रत्नागिरी मला परकी वाटली नाही.

माकड झालं. बेडूक झाले. मग कावळा मगरीसमोर येऊन उभा राहिला.

बागायतदारांनी सुरुवातीचा तुकडा वाजवला. काका माईक धरून बसले. पडद्यावर कावळ्याची चोच उघडली, मिटली, उघडली. मांडवात आवाज नाही. बागायतदारांनी तुकडा परत वाजवला आणि डोळ्यांनी खूण केली. ज्या माणसाने तीसेक वर्षं माईक हाताळला, तो आता माईक नुसता या हातातून त्या हातात घेत होता. पुढचा एक पोरगा म्हणाला, "आवाज गेला वाटतं."

काकांनी बायकांच्या बाजूला बघितलं. काकू त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या टीव्हीतल्या कावळ्याकडे बघत होत्या, एकटक, ओठ घट्ट मिटून.

आणि काका गाऊ लागले.

आवाज वयाने जाड झाला होता, पण पहिलं कडवं सरळ, स्वच्छ गेलं. पोरं गप्प. बागायतदारांचा चेहरा फुलला, त्यांना सम सापडली. दुसऱ्या कडव्याला, 'कोकिळा गायली की' म्हणताना काका वर चढले आणि सूर खाली आला. अगदी सगळ्यांना कळेल इतका. कुणीतरी पोर खुदकन हसलं. मी डोळे मिटून घेतले.

काका थांबले नाहीत. ते कडवं पूर्ण केलं, मग पहिलं कडवं पुन्हा घेतलं. पडद्यावरचा कावळा गाऊन, मान वाकवून केव्हाच निघून गेला होता, बेडूक येऊन उड्या मारत होते, आणि काका गातच होते. बेडकांच्या तोंडी कावळ्याचं गाणं चाललं होतं आणि कुणालाही त्याची तक्रार नव्हती. टाळ्या पडल्या तेव्हा काकांनी दचकून टीव्हीकडे बघितलं आणि घाईघाईने मगरीचं पुढचं वाक्य म्हटलं.

सिनेमा संपल्यावर लोक स्वतःहून मत द्यायला आले. काका सगळ्यांना "हो, हो" म्हणत होते, पण त्यांनी कुणाला विचारलं नाही. पहिल्यांदाच.

सीडीचं यंत्र उचलून मी त्यांच्या मागोमाग घरी आले. काकू आमच्या आधी पोहोचल्या होत्या आणि त्यांनी चहा टाकला होता. तिघं स्वयंपाकघरात बसलो. काकूंनी काकांपुढे कप ठेवला, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "दुसऱ्या कडव्याला सूर उतरला."

माझा कप हातातच राहिला. आता हा माणूस उठणार आणि परत आयुष्यभर गप्प बसणार, असं मला वाटलं.

काकांनी कपाकडे बघितलं. "उतरला ना?" ते हळूच म्हणाले. "मलाही वाटलं."

"उतरला. 'कोकिळा' म्हणताना घाई करता. श्वास आधी घ्या. आता पुन्हा म्हणा."

"आत्ता?"

"आत्ता. तेव्हाही हेच म्हणणार होते. तुम्ही थांबला नाहीत."

काकांनी चहा बाजूला सारून श्वास घेतला आणि दुसरं कडवं म्हटलं. काकूंनी पालथ्या ताटलीवर बोटांनी ताल धरला. "पुन्हा," म्हणाल्या. काकांनी पुन्हा म्हटलं. "आता जरा बरं. पुन्हा." मी माझ्या खोलीत निघून आले. भिंतीपलीकडून कडवं येत राहिलं, मध्ये काकूंचा आवाज, मग परत कडवं. कुणाच्या घरातलं इतकं खासगी काही ऐकू नये असं वाटत होतं, आणि कान तर बंद करवत नव्हते.

त्यानंतर आम्ही तो सिनेमा घेऊन फिरलो. जिथे कुणी बोलावेल तिथे, शाळांत, वाडीतल्या देवळांत. टीव्ही काकांच्या मांडीवर, यंत्र माझ्या, मृदंग बागायतदारांच्या, आणि आता खिडकीशी काकू. एसटीचे सगळे ड्रायव्हर काकांचे ओळखीचे. पूर्णगडच्या शाळेत सीडी अडकली आणि हत्तीण सोंड वर करून तशीच थांबली. काकांनी तेवढ्या वेळात तिला आई, भाऊ, मामा, सगळं गोत जोडून दिलं आणि मला अर्धा तास रडायला लावलं. तिथल्या एका मुलीने मत दिलं, "मगरीचंच खरं होतं. खरी हत्तीण चढली असती तर होडी बुडून सगळे मेले असते." तिचा बाप मच्छीमार होता. काका म्हणाले, आजवर मिळालेलं हे सगळ्यात जबाबदार मत.

परतीच्या प्रवासात काकू दिवसभराच्या चुका सांगायच्या. एकही सोडायच्या नाहीत. काका मान हलवत ऐकायचे आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यात त्यांचे उरलेसुरले केस उडत असायचे. इतका सुखी माणूस मी क्वचित पाहिलाय.

पुढे माझं लग्न ठरलं आणि मी पुण्याला बदली मागून घेतली. निघताना काकांनी माझ्याबद्दलचं मत दिलं, अगदी उभे राहून. "भाडेकरू म्हणून: दिवे घालवायला विसरते, नळ नीट बंद करते. हत्तीण म्हणून: उत्तम. जागा पुन्हा भरणे अवघड." काकूंनी आंबापोळीचं पुडकं पिशवीत कोंबलं आणि म्हणाल्या, "ह्या वेळची जरा आंबट झालीय." मी गाडीत बसून रडले, आणि शेजारच्या बाईने विचारलं, "माहेर का इथलं?" मी हो म्हटलं.

पुण्यात लोक माझं बोलणं वाक्याच्या मध्येच तोडतात. घरीही, ऑफिसातही. त्यात कुणाचं वाईट नाही, सगळ्यांना घाई असते. पण कधी एखादं नाटक बघून बाहेर पडले, किंवा नव्या डब्यातल्या चहापत्तीचा पहिला चहा घेतला, की मनात वाक्यं तयार होतात, नेमकी, पुरावे देऊन, आणि ती ऐकायला डोळे बारीक करून समोर कुणी बसलेलं नसतं. मग मी कप धुऊन ठेवते.

काका गेल्याचं त्यांच्या मुलाने फोनवर कळवलं. माझी मुलगी तेव्हा तान्ही होती, जाता आलं नाही. मी गेले ती पुढच्या थंडीत, तिला कडेवर घेऊन. काकू वाळल्या होत्या, पण तशाच ताठ. माझी खोली रिकामी होती. नवा भाडेकरू ठेवला नव्हता. मुलाने ठाण्याला चल म्हटलं तर त्यांनी सांगितलं होतं, तिथली हवा मला आवडत नाही. इतकं स्पष्ट सांगितल्याचं मुलालाही आश्चर्य वाटलं होतं.

मुलगी पडवीत झोपली. आम्ही दोघी दारात बसलो.

"आजारात आवाज अगदी बारीक झाला होता," काकू म्हणाल्या. "पण रोज म्हणायचे. पडल्यापडल्या. मी चुका सांगायची, ते परत म्हणायचे. शेवटच्या दिवसांत एकदा दोन ओळी म्हटल्या आणि विचारलं, कसं झालं? सूर कुठला गो, नुसती हवा होती. मी म्हटलं, सुरात झालं. अगदी सुरात."

"मग?"

"माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, खोटं बोलतेस." काकूंनी माझ्या मुलीच्या अंगावरची चादर नीट केली. "मग डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, पण असू दे. आज ऐकायला गोड वाटलं."